एआरएम सर्व्हरचा भरवसा

जिवतीच्या डोंगराळ भागात ज्या मोबाइलवर सातबारा उघडतो, त्यातला प्रोसेसर बहुतेक वेळा एआरएम रचनेचा असतो. मुंबईतल्या क्लाउड सर्व्हरमध्येही आता हीच रचना आली आहे. अ‍ॅमेझॉनने याच रचनेची आपली ग्रॅव्हिटॉन चिप 2018 मध्ये जाहीर केली. मोबाइलच्या घराण्यातली चिप अवजड काम कशी पेलणार, ही शंका रास्त आहे. पण जपानचा फुगाकू हा एआरएमवरचा महासंगणक जून 2020 मध्ये वेगात जगात पहिला आला. शिवाय इंटेलच्या बऱ्याच भाड्याच्या सर्व्हरमध्ये एका कोअरवर दोन व्हीसीपीयू, म्हणजे आभासी प्रोसेसर, बसवतात. ग्रॅव्हिटॉन 2 मध्ये प्रत्येक व्हीसीपीयूला अख्खा कोअर मिळतो. त्यामुळे भार वाढला तरी वेग फारसा डगमगत नाही. इंटेलसारख्या प्रोसेसरसाठीच तयार झालेलं, सोर्स कोड हाती नसलेलं सॉफ्टवेअर मात्र इथे अडतं. तिथे बदलाचा हट्ट नकोच.

राहिला भरवसा. सेवा ठप्प होते ती बहुधा डिस्क, वीज, नेटवर्क किंवा फसलेल्या अपडेटमुळे; प्रोसेसरच्या रचनेचा त्यात वाटा थोडाच. म्हणून एआरएममुळे भाडं वाचलं, तर तो पैसा डेटाची दुसरी प्रत ठेवण्यावर आणि रेंज गेली तरी भरलेला अर्ज जपून ठेवणाऱ्या अ‍ॅपवर खर्च व्हावा.