लस, कागद आणि बाळंतपण
(गणेशोत्सवातील व्याख्यान)



कार्यवाहांनी मला 'करोनानंतरचा परदेशप्रवास' हा विषय दिला आहे. समोर बसलेल्यांपैकी अनेकांची मुले परदेशी आहेत, तेव्हा माझ्याइतकेच तुम्हीही यावर बोलू शकाल.

२३ मार्च २०२० पासून आपल्याकडची नियमित आंतरराष्ट्रीय विमाने बंद झाली, ती पूर्ववत सुरू झाली २७ मार्च २०२२ ला. मधल्या काळात आधी 'वंदे भारत'ची आणि मग 'एअर बबल' कराराची विमाने होती. दार पूर्ण बंद असते तेव्हा माणूस निमूट घरी बसतो. खरी धावपळ होते ती दार किलकिले झाल्यावर.

ओसीआय कार्ड म्हणजे जन्मभराचा व्हिसा अशी आपली समजूत होती. मार्च २०२० मध्ये ती सवलतही थांबली. घरातल्या मृत्यूसारख्या कारणासाठी येण्याची मुभा मिळाली ती २२ मे रोजी. आमच्या रस्त्यावरच्या एका घरातली आई एप्रिलमध्ये गेली. मुलाने दिवसकार्य फोनवर पाहिले.

आता आमची गोष्ट. मुलीचे बाळंतपण डिसेंबर २०२१ मध्ये, न्यू जर्सीला. भारतातून येणाऱ्या बहुतेक परकीय नागरिकांना अमेरिकेने ४ मेपासून बंदी केली होती. ८ नोव्हेंबरपासून लस घेतलेल्यांना प्रवेश देणार, असे जाहीर झाले. आमचा व्हिसा दहा वर्षांचा, म्हणून तो प्रश्न नव्हता. पण लस कुठली? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नाहीतर जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेली. मी मार्चमध्ये कोविशील्ड घेतली होती, ती यादीत होती. सौ.ला रक्तदाबामुळे डॉक्टरांनी महिनाभर थांबवले. एप्रिलमध्ये ती गेली तेव्हा केंद्रावर कोव्हॅक्सिन होती. त्या दिवसांत कंपनी कोण विचारत होते? मिळाली ती घेतली आणि देवाचे आभार मानले. आता एकाच घरातला एक जण जाण्यास पात्र आणि दुसरा अपात्र! त्यातही जायला हवे होते तिने. बाळंतपणाला बाप जाऊन काय डिंकाचे लाडू वळणार?

२६ ऑक्टोबरला तज्ज्ञांची बैठक झाली आणि कंपनीकडे आणखी माहिती मागितली गेली. मान्यता आली ३ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी. म्हणजे अमेरिकेचे दार उघडायच्या पाच दिवस आधी. त्या वर्षी आमच्याकडे फटाके एक दिवस आधीच वाजले.

कोविशील्डवाल्यांचेही सगळे सुरळीत नव्हते. पुण्यात तयार झालेले ५० लाख डोस ब्रिटनने स्वतः वापरले, पण तीच लस भारतात टोचलेली असेल तर विलगीकरण! आपल्या सरकारने जशास तसे उत्तर दिल्यावर ११ ऑक्टोबरपासून तो नियम बदलला. आणि परदेश कशाला, फेब्रुवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रातून बंगळूरला यायलाही ७२ तासांच्या आतला आरटी-पीसीआर अहवाल लागत होताच की.

पुढचा घोळ नावाचा. आपल्यात पासपोर्टवर नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव असे लांबलचक असते. आधारवर नवऱ्याच्या नावाचे नुसते आद्याक्षर. लसीच्या प्रमाणपत्रावर आधारचे नाव आले. ते पासपोर्टशी जुळवून घ्यायचे, पासपोर्टचा क्रमांक जोडायचा, जन्मतारीख पूर्ण आहे ना ते पाहायचे. आणि दुरुस्ती एकदाच करता येणार. सौ. म्हणाली, "लग्नात नाव बदलताना एवढी कटकट नव्हती." ज्येष्ठांना माझे सांगणे आहे, सगळ्या कागदांवरचे नाव आत्ताच एकसारखे करून घ्या. साथ असो वा नसो, उपयोगी पडते.

नोव्हेंबरअखेर फ्रँकफर्टमार्गे निघालो. चाचणी तीन दिवसांच्या आतली हवी होती. देवनहळ्ळीच्या विमानतळावर काउंटरवरची मुलगी कागदांवरचे एकेक अक्षर पासपोर्टशी ताडून पाहत होती, तोवर सौ. मनातल्या मनात अथर्वशीर्ष म्हणत होती. आम्ही पोचलो आणि आठवड्याभरातच, ६ डिसेंबरपासून, तीन दिवसांचा एक दिवस झाला. ओमायक्रॉन आला होता. देशातले पहिले दोन रुग्ण आपल्या कर्नाटकातच सापडले. १५ डिसेंबरला सुरू व्हायची नियमित विमानेही पुन्हा लांबली. रोज सकाळी बातम्या पाहायच्या आणि आपला कागद आज चालतो का ते पाहायचे, असा तो काळ. नातू मात्र कुठलाही नियम न पाहता ठरल्या वेळी आला.

जानेवारीअखेर परतलो. निघण्यापूर्वी पुन्हा चाचणी, 'एअर सुविधा'चा फॉर्म, चौदा दिवसांचा प्रवासवृत्तान्त. घरी आल्यावर सात दिवस विलगीकरण, ११ जानेवारीपासून तो नियम सर्वांनाच होता. शेजारच्या कन्नड काकू फाटकाला पिशवी अडकवून जात, कधी चित्रान्न, कधी सारू. आठव्या दिवशी नाकात काडी घालून घेताना सौ. म्हणाली, "दोन महिने नातवाला न्हाऊ घालून पाठ मोडली, त्यापुढे हे काहीच नाही."

गणपती बाप्पा मोरया!