उपवासाच्या दिवशीचं इन्सुलिन



आपल्या बॅचची चाळिशी उलटली. आता मुलांच्या मार्कांआधी शुगरचे आकडे निघतात. मी सॉफ्टवेअरवाली, डॉक्टर नव्हे; पण टाइप १ मधुमेहामुळे वीस वर्षं इन्सुलिन घेतेय.

मघाशी एका मैत्रिणीने विचारलं, "एकादशीला जेवतच नाही, मग रात्रीचं इन्सुलिन कशाला?" अगं, जेवणाआधीचं इन्सुलिन जेवणासाठी. ग्लार्जिनसारखं दीर्घकाळ चालणारं मुख्यतः यकृतासाठी. आपण उपाशी असलो तरी यकृत रक्तात साखर सोडतच असतं. ग्लार्जिनचं द्रावण आम्लधर्मी असतं. त्वचेखाली त्याचे सूक्ष्म कण जमतात आणि साधारण २४ तास हळूहळू विरघळतात. (म्हणूनच ते दुसऱ्या इन्सुलिनमध्ये मिसळत नाहीत.) टाइप १ असताना ते थांबवलं, तर किटोअ‍ॅसिडोसिस होऊन जिवावर बेतू शकतं. उपवासाआधी डॉक्टरांना विचारून डोस कमी करता येतो. आपल्या मनाने बंद करायचा नाही. पहाटे घाम, थरथर झाली तर लगेच शुगर तपासायची. ७० च्या खाली असेल तर आधी साखर खायची, उपवास असला तरी!

आणि साबुदाण्याची खिचडी उपवासाची असली, तरी यकृताच्या नव्हे, जेवणाच्या खात्यात जाते.