खाटेला विमा, गोळीला का नाही?



२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला धुळे जिल्हा होता. पुढच्या वर्षी जळगावही तिच्यात आला. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. गरिबाच्या उपचाराच्या विम्याचा हप्ता सरकारने भरावा, हे तत्त्व तेव्हा मान्य झाले. परंतु ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्याचे आयुष्य मात्र खाटेवर नव्हे, रोजच्या गोळीवर उभे असते.

ही गोळी २००४ पासून शासकीय केंद्रांत मोफत मिळू लागली. हे यश लहान नव्हे. पण चोपडा-शिरपूरकडच्या शेतमजुराची प्रवासात बुडालेली मजुरी कोण भरून देणार? संधिसाधू संसर्गाचे औषध बाहेरून घ्यावे लागले, तर तो पैसा कोठून आणणार?

२०१७ च्या कायद्याने विम्यातील भेदभावास मनाई केली; मात्र विमागणिताचा आधार दाखविल्यास मुभाही ठेवली. मोफत औषधांच्या सरकारी कर्तव्यालाही 'शक्य तितके' ही मर्यादा जोडली. नियमित औषध घेणारा माणूस आज जवळजवळ इतरांइतकाच जगतो. मग त्याला नाकारणारे गणित कोणते? कंपन्यांनी ते लोकांसमोर मांडलेच पाहिजे.

बाह्यरुग्णाची औषधे व तपासण्या विम्यात आल्या पाहिजेत. ही दयेची याचना नव्हे, हक्काची मागणी आहे.