बर्फातली गाडी आणि पांदणीतली बंडी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलायला सांगितलं होतं. मी सॉफ्टवेअरवाली म्हणून. पण त्या विषयावर तुम्हाला व्हॉट्सॲपवर रोज सकाळी फुकट व्याख्यान मिळतं. आपल्या बॅचच्या ग्रुपवरून गेल्या काही वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न वेगळाच आहे. तो म्हणजे, "तिकडं बर्फात कोणती गाडी चांगली?" आज त्याचंच उत्तर देते. हसू नका. आपल्या ढाणकीत बर्फ म्हणजे गोळेवाल्याचा नाहीतर लग्नात सरबताला आणलेली लादी. पण आता आपल्या वर्गातल्या किती जणांची मुलं मिनेसोटा, मिशिगन, टोरांटो, म्युनिक इथं शिकायला गेली आहेत, ते मोजा.

मागच्या वर्षी आपल्यातल्याच एका मैत्रिणीचा फोन आला. ती आता समोरच बसली आहे, नाव घेत नाही. म्हणाली, "पोरगा गाडी घ्यायची म्हणतो. मोठीच पाहिजे म्हणतो, चारही चाकं ओढणारी. नाहीतर बर्फात मरशील असं त्याला सगळे सांगतात. आणखी पैसे पाठवू का गं?" शिक्षणाचं कर्ज आधीच डोक्यावर होतं. वावरावर आणखी काढायला ती तयार होती. "मरशील" हा शब्द ऐकल्यावर कोणती आई हिशेब करत बसेल?

मी तिला म्हटलं, दोन दिवस थांब. कारण ती चूक मी स्वतः करून बसले होते.

मिनेसोटात जाऊन आम्हाला तिसरा हिवाळा होता. पहिल्या दोन हिवाळ्यांत नवऱ्याच्या जुन्या छोट्या गाडीत भीत भीत फिरलो, आणि मग ऐपत आल्याबरोबर मोठी, उंच, चारही चाकांना ताकद देणारी गाडी घेतली. त्या गाडीनं माझी भीती घालवली. नेमकं तेच वाईट झालं. जानेवारीतली सकाळ, मुलगी मागच्या सीटवर, रस्ता थोडा उताराचा, खाली सिग्नल लाल. ब्रेक दाबला तर पायाखाली पेडल थरथरलं, आणि गाडी तशीच पुढं जात राहिली. फार जोरात नाही. सायकल उतारावर जावी तशी. पण थांबेना. लाल दिव्याखालून सरळ चौकात गेलो, अर्ध्यात आडवे झालो आणि पलीकडच्या बर्फाच्या ढिगात जाऊन टेकलो. आडव्या रस्त्यानं आलेला एक पिकअप ट्रक हातभर अंतरावरून निघून गेला. मुलगी म्हणाली, "आई, परत कर." तिला ती गंमत वाटली होती. माझे हात पुढचा तासभर स्टिअरिंगवरून निघत नव्हते.

ओढून काढायला आलेल्या माणसानं गाडीच्या मेकची चौकशी केली नाही. तो वाकला, खिशातलं नाणं काढून टायरच्या खाचेत घातलं आणि मला दाखवलं. खाच जवळजवळ उरलीच नव्हती. "गाडी चांगली आहे," म्हणाला, "पण रस्त्याला गाडी लागत नाही, टायर लागतात."

हे मला त्याच्याकडून शिकावं लागलं याची लाज वाटली, कारण आपल्या सरांनी ते नववीतच शिकवलं होतं. सर, तुम्हाला आठवत असेल. टेबलावर वीट, विटेला ताणकाटा, आणि आम्ही आळीपाळीनं ओढायचो. आधी वीट आडवी, मग उभी. काट्यावर आकडा तोच. मग तुम्ही टेबलावर पाणी ओतलंत आणि काटा खाली आला.

त्या अपघातानंतर मी ते गणित कागदावर मांडलं. चालत्या गाडीची गतिज ऊर्जा अर्धा एम व्ही वर्ग. घर्षणानं केलेलं काम म्यू एम जी गुणिले अंतर. दोन्ही बाजूंना एम आहे, तो उडून जातो. म्हणजे गाडी दोन टनांची असो की एक टनाची, ब्रेक लागल्यावर थांबायला अंतर सारखंच. "जड गाडी रस्ता धरते" हे आपण सगळे म्हणतो, पण एम उडून गेल्यावर त्यात काही उरत नाही. उरतो तो म्यू. कोरड्या डांबरावर तो ०.७ च्या आसपास धरा, दाबल्या गेलेल्या बर्फावर ०.२, गुळगुळीत गोठलेल्या थरावर ०.१. ताशी ५० किलोमीटरवर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत अनुक्रमे १४, ५० आणि १०० मीटर. शंभर मीटर म्हणजे क्रिकेटच्या पाच खेळपट्ट्या एकापुढे एक. आणि वेग निम्मा केला तर अंतर एकचतुर्थांश होतं, कारण वेगाचा वर्ग आहे.

चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचं कौतुक करायचं तर ते निघण्यापुरतं करा. चढावर, बर्फाच्या ढिगातून ती सहज निघते. थांबायला मात्र प्रत्येक गाडीला चारही चाकांवर ब्रेक असतातच, मारुती ८०० लासुद्धा. त्या बाबतीत महाग गाडीला जास्तीचं काही मिळत नाही. उलट ती सहज पळते म्हणून रस्ता किती निसरडा आहे हे कळतच नाही.

सर, विटेच्या प्रयोगात एक दुरुस्ती सुचवते, रागावू नका. टायर विटेसारखा वागत नाही. रबर थंडीत कडक होतं. साधा टायर ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतो. हिवाळी टायरचं रबर वेगळ्या मिश्रणाचं असतं, ते उणे वीसलाही मऊ राहतं. शिवाय त्याच्या नक्षीत सुरीनं कापल्यासारख्या बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. खाचांत बर्फ भरतो तोही कामाचा, कारण बर्फ बर्फाला चिकटतो. लहानपणी गारांचे लाडू वळले असतील त्यांना हे सांगायला नको. फिनलंडच्या ज्या कंपनीचं नाव आज नोकियन आहे, तिनं १९३४ साली ट्रकसाठी पहिला हिवाळी टायर काढला. नव्वद वर्षं झाली, तरी आपली मुलं दुकानात जाऊन आधी इंजिन विचारतात.

टायर ओळखायची खूण सांगते, लिहून घ्या. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकण असं चित्र हवं. नुसती 'एम प्लस एस' ही अक्षरं असतील तर ती नक्षीबद्दल आहेत, रबराबद्दल नाहीत. जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून नुसती ती अक्षरं हिवाळी टायर म्हणून चालत नाहीत. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानंच सक्तीचे आहेत. मिनेसोटात सक्ती नाही, म्हणून आमच्यासारखे शहाणे वाचवायला जातात. आणि घ्यायचे तर चारही. पैसे वाचवायला पुढं दोनच बसवले तर वळणावर मागची बाजू फिरून पुढं येते.

आता गाड्या. इतकं ऐकून घेतलंत, नावं न सांगता सोडणार नाही.

विद्यार्थ्याला, शहरातल्या साफ केलेल्या रस्त्यांवर फिरायला, पुढच्या चाकांवर चालणारी साधी कोरोला किंवा सिव्हिक भरपूर झाली. इंजिनाचं वजन ओढणाऱ्या चाकांवरच असतं. आपली जुनी ॲम्बॅसेडर आणि फियाट मागच्या चाकांवर चालायच्या, मारुती ८०० पुढच्या. आपल्या चिखलात कोण आधी रुतायचं ते आठवा. गाडी २०१२ च्या किंवा नंतरच्या मॉडेलची बघावी, कारण अमेरिकेत त्या वर्षापासून घसरती गाडी स्वतः सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सक्तीची झाली. माझ्या मते चारचाकी ताकदीपेक्षा ही यंत्रणा जास्त जीव वाचवते. अर्थात ती सॉफ्टवेअरवर चालते, तेव्हा माझं मत थोडं पक्षपाती धरा.

घर गावाबाहेर असेल, रस्ता चढाचा असेल, बर्फ काढणारी गाडी दुपारपर्यंत येत नसेल, तर मात्र चारही चाकांची घ्यावी. सुबारूची फॉरेस्टर किंवा आउटबॅक मला सगळ्यात आवडतात. जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच असल्यानं ताज्या बर्फावर पोट टेकत नाही. टोयोटाची रॅव्हफोरही चांगली. नको ती म्हणजे मोकळ्या हौद्याचा, मागच्या चाकांवर चालणारा पिकअप; तिकडचे लोक हिवाळ्यात त्याच्या हौद्यात वाळूची पोती टाकून ठेवतात. विजेवरच्या गाड्या बर्फात चांगल्या चालतात. नॉर्वेत २०२४ साली विकलेल्या नव्या मोटारींपैकी दहातल्या जवळजवळ नऊ विजेच्या होत्या, आणि तिथं बर्फ काही कमी नाही. फक्त थंडीत बॅटरी कमी अंतर देते, तो हिशेब आधी करावा.

(इथं एक विषयांतर. मिनेसोटाचं रस्ते खातं बर्फ काढणाऱ्या गाड्यांची नावं लोकांकडून मतदानानं ठरवतं. २०२२ मध्ये एका गाडीचं नाव ठरलं 'कंट्रोल सॉल्ट डिलीट'. आमच्या ऑफिसात त्या दिवशी काम झालं नाही.)

आणि गाडी चालवायची कशी? ते मी ढाणकीतच शिकले होते, फक्त ओळखलं नव्हतं. श्रावणात पांदणीतून बंडी काढणारे माझे आजोबा आठवा, किंवा तुमचे. काळ्या मातीचा चिखल आणि बर्फ, दोघांचा स्वभाव एकच. आजोबा चिखलाच्या आधीच बैलांना सावकाश करायचे, चिखलात नाही. मध्ये थांबायचे नाहीत. वळणावर कासरा हळू ओढायचे, झटका कधीच नाही. बर्फातही एका वेळी एकच काम: ब्रेक तरी लावा, वळवा तरी, वेग तरी वाढवा. टायरकडे पकड थोडी असते, ती दोन कामांत वाटली की दोन्ही बिघडतात. एबीएसचं पेडल थरथरलं तर घाबरून पाय काढायचा नाही, दाबून ठेवायचा. चाक रुतलं तर आजोबा खाली पऱ्हाट्या टाकायचे. माझ्या डिकीत आता वाळूची पिशवी आणि फावडं असतं.

एक गोष्ट मात्र आपल्या चिखलात नाही आणि तिकडं जीव घेते. बर्फात गाडी अडकली आणि हीटरसाठी इंजिन चालू ठेवलं, तर मागची सायलेन्सरची नळी बर्फानं बुजते. कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो, झोप लागते. म्हणून आधी खाली उतरून नळी मोकळी करायची, इंजिन अधूनमधूनच चालवायचं, काच थोडी उघडी ठेवायची, आणि मदत येईपर्यंत गाडी सोडून चालत निघायचं नाही. हे तुमच्या मुलांना आज रात्रीच फोन करून सांगा. गाडीचं नंतर बघा.

ज्यांना अमेरिका-जर्मनी नको, पण डिसेंबरात मनालीला जायचंय, त्यांच्यासाठीही हेच. २०२० साली ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून पलीकडं लाहौलात पोचणं सोपं झालं आहे, आणि एमएच पाटीच्या मोठ्या गाड्या तिथं आडव्या झालेल्या तुम्ही व्हिडिओत बघताच. टायर आपल्या उन्हाळ्याचे असतात. तिथला टॅक्सीवाला चाकांना साखळ्या बांधून छोटी अल्टो शांतपणे बाजूनं काढतो. त्याच्या गाडीत बसा.

तर त्या मुलाचं. त्यानं जुनी छोटी गाडी घेतली, वर चार हिवाळी टायर. मोठ्या गाडीसाठी जे मागणार होता त्याच्या निम्म्यातही सगळं बसलं. पहिला बर्फ पडला त्या दिवशी मी सांगितल्याप्रमाणे तो रिकाम्या पार्किंगमध्ये गेला, आणि वेग अगदी कमी ठेवून मुद्दाम ब्रेक दाबून गाडी कशी घसरते ते वीस वेळा बघून आला. त्यानं मला फोटो पाठवला. गाडीचा नाही, टायरवरच्या त्या डोंगराचा. तो मी त्याच्या आईला पुढं पाठवला. तिनं विचारलं, "हा कोणता देव गं?"

सर, तो ताणकाटा प्रयोगशाळेच्या कपाटात अजून असेल, तर चहा झाल्यावर मला एकदा बघायचा आहे.