हाताला पटणारी मूठ

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरसाल या दिवशी आपण बाहेरगावच्या कोणी शिकलेल्या बाईंना बोलावतो. यंदा अध्यक्षबाईंनी ते काम मजवर सोपवले. मी सातवी शिकलेली. सातवीनंतर माझे हात पाटीवर कमी आणि खुरप्यावर, लाटण्यावर, बादलीच्या कडीवर जास्त राहिले. तेव्हा मी बोलणार ते हाताविषयीच. विषय ऐकून मात्र हसू नका. मुले संगणकावर खेळतात तेव्हा दोन्ही हातांत जी एक वस्तू धरतात, जिला ती कंट्रोलर म्हणतात आणि आपण रिमोट म्हणून मोकळ्या होतो, ती हाताला सुखाची कशी करावी, हा माझा विषय आहे.

माझ्या धाकट्या दिराच्या मुलामुळे मी या फंदात पडले. त्याचे नाव घेत नाही. तो बाहेर खुर्च्या मांडतो आहे, आणि भाषण संपल्यावर सगळ्याजणींनी मिळून त्याचा हात पाहायला जाऊ नये, एवढी माझी आधीच विनंती.

तीन वर्षांपूर्वीची दिवाळी. गाईंची वैरण करायची होती. त्या संध्याकाळी माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ होती की पेंढी उचलवेना. मीच त्याला म्हटले, ''आज तू टाक कुट्टी.'' कडबाकुट्टीच्या तोंडाशी वैरण पुढे सरकवायचा पत्रा आखूड होता. कडब्याबरोबर हात आत ओढला गेला. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट गेले, मधले अर्धे गेले. अंगठा आणि अंगठ्याजवळचे बोट तेवढे शाबूत राहिले. पोर तेव्हा चौदा वर्षांचे होते. त्याने मला कधी बोल लावला नाही, जावेनेही नाही. पण घरात ज्या गोष्टी कोणी बोलत नाही त्या ऐकू येत नाहीत असे थोडेच आहे?

माझ्या अंगठ्याचे नंतर डॉक्टरांनी सांगितले. अंगठ्याला उचलून धरणाऱ्या दोन शिरा मनगटापाशी एका अरुंद खोबणीतून जातात. अंगठा फाकवून पुन्हा पुन्हा जोर दिला की ती खोबण सुजते, आणि मग शिरा घासत जातात. स्वित्झर्लंडमधल्या डी क्वेर्व्हेन नावाच्या डॉक्टरांनी १८९५ साली हे दुखणे लिहून ठेवले, म्हणून त्याला त्यांचेच नाव आहे. तान्ह्या मुलाला काखेत हात घालून उचलणाऱ्या आयांना ते फार होते. आता मजा पाहा, रात्रंदिवस खेळत बसणाऱ्या मुलांनाही ते होते. म्हणजे पाळण्यातले मूल उचलणारी आई आणि अभ्यास सोडून गाड्या पळवणारा मुलगा, दोघांचे दुखणे एकच! मला तर हे कळल्यावर त्या मुलांविषयी थोडी माया वाटू लागली.

अपघातानंतर आमचा मुलगा उजवा हात खिशातच ठेवू लागला. शाळेत, लग्नाकार्यात, देवळात प्रसाद घेतानासुद्धा डावा हात पुढे. पुण्याच्या मामाने पूर्वी त्याला एक कंट्रोलर दिला होता, तो कपाटावर पडून होता. एका रात्री मी पाणी प्यायला उठले तर त्याच्या खोलीतून काहीतरी पडल्याचा आवाज. थोड्या वेळाने पुन्हा तोच. दाराच्या फटीतून पाहिले, तर तो खेळायचा प्रयत्न करत होता आणि ती वस्तू दर मिनिटाला त्याच्या उजव्या हातातून निसटत होती. मी आत गेले नाही. पण जे पाहिले ते मनात घर करून राहिले. त्याला बटणे दाबता येत होती. धरता येत नव्हते.

भगिनींनो, जरा मूठ वळून पाहा. अंगठा आणि त्याच्या जवळचे बोट ही कारागीर बोटे; सुईत दोरा तीच ओवतात, भाकरी तीच उलटतात. पण खुरपे घट्ट कोण धरते? शेवटची दोन बोटे. धार काढताना, भरलेली बादली उचलताना सगळा भार त्या दोघींवर. करंगळीला आपण घरातली धाकटी समजतो, पण ती नसली की मूठच उरत नाही. कंट्रोलरचेही तसेच. अंगठे वर नाचतात, जवळची बोटे पुढल्या कडेची बटणे ओढतात आणि मागची बोटे मुकाट्याने सगळे तोलून धरतात.

मग मी त्यालाच विचारले, ''ही वस्तू असल्या आकाराची कोणी केली रे?'' तो फोनमध्ये वाचून सांगू लागला आणि मी भाकरी थापता थापता ऐकू लागले. त्यातले थोडे तुम्हाला सांगते.

संगणकाचा माउस अमेरिकेत एंगलबार्ट या गृहस्थांनी कल्पिला आणि इंग्लिश नावाच्या त्यांच्या सहकाऱ्याने १९६४ साली घडवला. तो पहिला माउस चक्क लाकडाचा ठोकळा होता, खाली दोन चाके, वर एक बटण. घरी खेळायचे पहिले यंत्र १९७२ साली आले. त्याचा कंट्रोलर म्हणजे गोल खुंट्या लावलेली पेटी, टेबलावर ठेवून खुंट्या पिळायच्या. १९७७ सालच्या अटारीला उभा दांडा होता. पेटी डाव्या हातात धरायची, दांडा उजव्याने हलवायचा आणि बटण डाव्या अंगठ्याखाली. आता डावखुऱ्या मुलाने काय करावे? त्याचा विचार करणाऱ्याला कोणी डावखुरी बहीण नसावी.

पुढे जपानात योकोई नावाच्या कारागिराने १९८२ साली दांडाच काढून टाकला आणि अधिकाच्या चिन्हासारखे एक चपटे बटण बसवले. अंगठा मध्ये ठेवला की वर, खाली, डावे, उजवे हे न पाहता कळते. मला ही युक्ती फार आवडली. आपणही अंधारात फळीवरचा मिठाचा डबा हातानेच ओळखतो. पण त्यानंतरचे कंट्रोलर चपटे, चौकोनी, विटकरीच्या तुकड्यासारखे असत, आणि त्यांचे कोपरे तळहाताला टोचत. १९९४ साली सोनी कंपनीच्या गोतो यांनी खाली दोन मुठी काढल्या. कंपनीतल्या बऱ्याच वरिष्ठांना तो आकार पटला नव्हता म्हणे. आज ज्याच्या त्याच्या हातात तशाच मुठी दिसतात.

आणि चुका! मोठमोठ्या कंपन्यांच्याही होतात. मायक्रोसॉफ्टने २००१ साली एवढा थोरला कंट्रोलर काढला की लोकांनी त्याला टोपणनाव दिले. जपानातल्या लोकांच्या हातांसाठी मग धाकटा करावा लागला, आणि गंमत अशी की पुढे तोच अमेरिकेतही चालला. निन्टेंडोच्या २००६ सालच्या कंट्रोलरला हवेत फिरवायचे असे. लोकांच्या हातून तो सुटून टीव्हीवर जाऊन आदळू लागला, तेव्हा मनगटाची दोरी जाड करून द्यावी लागली. दोरीची ही हकीकत मी ध्यानात ठेवली.

हात मोजून वस्तू करणे हे केवळ परदेशातच चालते असे नाही. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने २००९ साली एक पुस्तक काढले. त्यात आपल्या देशातल्या शेतात राबणाऱ्या पुरुषांची आणि बायांचीही शरीराची ७९ मापे आहेत. त्याच संस्थेचा 'नवीन विळा' आहे, पात्याला करवतीसारखे दाते आणि मुठीची ठेवण अशी की कापताना बोटांची पेरे जमिनीला घासू नयेत. आपल्या शेजारी राहुरीला कृषी विद्यापीठ आहे, आपण शिवारफेरीला जातो, बियाणे आणतो; पण तिथे जाऊन 'आमच्या खुरप्याची मूठ जाड आहे हो' असे आपल्यापैकी एकीने तरी कधी म्हटले आहे का? मीही नाही म्हटले.

असो. मी काय केले ते सांगते. गव्हाची कणीक घट्ट मळली आणि त्याला म्हटले, दाब. त्याने खिशातून हात काढला, ही पहिली गोष्ट. गोळ्यावर अंगठ्याचा आणि एका बोटाचा खोल ठसा उठला, अर्ध्या बोटाचा निसटता, आणि पुढे कणीक गुळगुळीतच राहिली. जाऊ तिथेच होती. ती उठून मागच्या दारी गेली. मीही गेले असते, पण पोर माझ्याकडे बघत होते, म्हणून मी म्हटले, ''कणीक वाळून तडकेल, गणपतीची शाडू शिल्लक आहे ती आण.''

शाडूचा ठसा उत्तम आला. त्यावरून सुताराकडून कडुनिंबाची मूठ करून घेतली. ती देखणी झाली आणि फुकट गेली. वजन फार. खालून तोलायला बोटे नाहीत, मग मनगट वाकते आणि दहा मिनिटांत दुखू लागते. तेव्हा कळले की हलकेपणा आधी, देखणेपणा मागाहून. मग मी जुन्या हवाई चपलांचे तळवे घेतले. पात्याने हवे तसे कापता येतात, वजन नाही, दाबले तर थोडे दबतात. थरावर थर चिकटवून, जिथे बोटे नाहीत ती पोकळी भरून काढली, म्हणजे मूठ तळहाताच्या गादीवर टेकली. रबराने घाम येतो म्हणून वरून जुन्या सुती लुगड्याची पट्टी गुंडाळली. आणि दप्तराचा पट्टा, तो चर्र करून चिकटणारा, हाताच्या पाठीवरून घेतला.

पहिला पट्टा मी बोटांच्या सांध्यांवर बांधला; बोटाचे टोक निळे पडू लागले. तो मागे, मनगटाच्या बाजूला सरकवला. दुसऱ्या वेळी मूठच इतकी जाड झाली की बोट पुढच्या बटणापर्यंत पोचेना. चपलेचा एक थर काढला. तिसऱ्या वेळी त्याने हात उलटा केला, झटकला, आणि कंट्रोलर पडला नाही. एक बटण तरीही त्याच्या आवाक्यात येत नव्हते. ते त्याने संगणकातच डाव्या बाजूला बदलून घेतले. ते मला येत नाही. मी फक्त चपला कापल्या.

मागाहून त्याने दाखवले की २०१८ साली मायक्रोसॉफ्टने हात अधू असणाऱ्यांसाठी वेगळा कंट्रोलर काढला. त्यावर दोन मोठ्या गोल टिकल्या, आणि मागे १९ भोके, ज्याला जे बटण सोयीचे ते पायाखाली, कोपराखाली लावावे. त्याचे खोकेसुद्धा असे बांधलेले की दातांनी फाडावे लागू नये. खोक्याचे ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आले. किंमत ऐकून मात्र ते आटले. आपली चपलेची मूठ बरी.

जाऊ एकदा मला म्हणाली, ''ताई, बोटे गेली ती गेली, आता खेळाचे लाड कशाला? अभ्यास बुडतो.'' तिचे खोटे नव्हते. अजूनही रात्री दहानंतर कंट्रोलर माझ्या कपाटात असतो आणि किल्ली माझ्या कमरेला. पण तिला काय सांगू? हात खिशातून बाहेर आला तो त्या खेळासाठी आला, अभ्यासासाठी आला नसता. यंदा तो एमएस-सीआयटीच्या वर्गाला जातो. तिथल्या माउसलाही त्याने उजव्या बाजूने चपलेचा तुकडा लावून नेला, हात टेकायला. दोन मुलांनी विचारले, हे काय? तर हात दाखवून सांगितले म्हणे. हे त्याने मला जेवताना सहज सांगितले, आणि मी वरण वाढता वाढता सांडले.

मीही एकदा खेळून पाहिले. गाडी तीनदा विहिरीत घातली आणि अंगठा चार दिवस धरला.

तर बायांनो, बाहेर टोपल्यात मी शाडूचे गोळे भिजवून आणले आहेत. हळदीकुंकू झाले की प्रत्येकीने एक गोळा उजव्या हातात घेऊन खुरपे धरतो तशी मूठ दाबावी आणि त्यावर काडीने आपले नाव लिहावे. ज्यांचा अंगठा दुखतो त्यांनी नावापुढे एक रेघ जास्त ओढावी. ते गोळे वाळले की पुढल्या आठवड्यात मी टोपले घेऊन विद्यापीठात जाणार आहे. बरोबर यायला निदान चौघी तरी हव्यात.