थेर ते थेरडा : भाज्याच्या चौदा स्तूपांपाशी

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो तेवढं काढलंय, बाकी बोललो तसंच आहे.)

आज टेक्नॉलॉजी नाही, करिअर नाही. आज एका शब्दाबद्दल बोलायचंय. तो मी एकदा फार वाईट पद्धतीने वापरला होता, आणि त्याचा खरा अर्थ मला भाज्याच्या लेण्यात एका दगडापुढे उभं राहून कळला.

आधी थोडं गावाबद्दल. मी निमगाव सावाचा. जुन्नर तालुक्याचा पूर्व भाग. कांदा, ऊस, आणि संध्याकाळनंतर बिबट्याची भीती. आमच्याकडे लहान पोराला पहिलं लांब फिरायला न्यायचं म्हणजे लेण्याद्री. माझे आजोबा, त्यांना घरात सगळे अण्णा म्हणायचे, मला एसटीने न्यायचे. आधी नारायणगाव, मग जुन्नर, मग डोंगर. तीनशेच्या आसपास पायऱ्या आणि हातातली पिशवी पळवणारी माकडं.

लेण्याद्रीचा गिरिजात्मज अष्टविनायकातला, हे सगळ्यांना माहीत असतं. पण गणपती ज्या सातव्या लेण्यात बसलाय ते मूळचं बौद्ध भिक्खूंचं राहायचं ठिकाण, म्हणजे विहार. आपण दर्शनाच्या रांगेत उभे असतो ना, त्या मोठ्या दालनाच्या तीन भिंतींमध्ये लहान लहान खोल्या दिसतात. वीस खोल्या आहेत. भिक्खू तिथे राहायचे. मागच्या भिंतीतल्या मधल्या दोन खोल्या एक करून तिथे आता बाप्पा आहे. आणि शेजारचं सहावं लेणं म्हणजे चैत्यगृह. आत खांबांची रांग आणि टोकाला दगडी स्तूप.

गर्दी सातव्यात. सहाव्यात फारसं कोणी जात नाही. अण्णा मात्र मला आधी तिथे न्यायचे. स्तूपासमोर टोपी काढायचे आणि म्हणायचे, "आदी हितल्या जुन्या मान्सांच्या पाया पड. घर त्यांनी बांधलंय. मग बाप्पाकडं जाऊ."

अण्णा चौथी शिकलेले. त्यांना ना पाली माहीत, ना इतिहास. पण ज्याचं घर आहे त्याला आधी नमस्कार, हे त्यांना माहीत होतं.

आता कॉलेजमध्ये या. बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला, पावसाळ्यात, आम्ही सहा जण लोणावळा लोकलने मळवलीला उतरलो आणि चालत भाज्याला गेलो. धबधबा बघायला, खरं सांगायचं तर. वर लेणी आहेत म्हणून चढलो. चैत्यगृहात फोटो झाले, पुढे गेलो तर एका जागी दगडी स्तूपच स्तूप. काही आत, काही बाहेर, जवळजवळ. एका स्तूपाला टेकून मी बसलो, पाय पसरले, चिखलाचे बूट तसेच. कोणीतरी फोटो काढला. तो फोटो माझ्या गॅलरीत अजून आहे. खाली मी कॅप्शन दिलं होतं, 'चिल'.

पुढे नोकरी लागली, हिंजवडी. अण्णांना ऐकू कमी यायला लागलं होतं. त्यांना नवीन फोन घेऊन दिला तो मीच. मग त्यांचे फोन सुरू झाले. आवाज मोठा कसा करायचा. फोटो कुठे गेला. पाऊस आहे का तिकडे. एका दिवशी रिलीज होतं, सगळी टीम अडकलेली, आणि त्यांचा एका तासात तिसरा फोन. मी बोललो, कट केला, किंवा मला वाटलं कट केला, आणि शेजारच्या मित्राला म्हणालो, "हा थेरडा काही सुखाने काम करू देणार नाही."

फोन चालू होता.

ऐकू कमी यायचं त्यांना. पण ते ऐकू आलं. हे मला कसं कळलं? त्यानंतर त्यांचा प्रत्येक फोन एकाच वाक्याने सुरू व्हायचा : "कामात तर नाही ना तू?" आधी कधी विचारायचे नाहीत. आठ महिन्यांनी ते गेले. मी माफी मागितली नाही. विषयच काढला नाही.

त्यांच्या दशक्रियेला चौकात फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. वर अण्णांचा फोटो आणि खाली आम्हा शोकाकुलांची रांग. त्यात मी पण, गॉगलवाला फोटो. कोणी निवडला देवजाणे. मोजले तर सतरा चेहरे. अण्णांचा एक.

आता गोष्ट परत भाज्याला येते. माझी एक मैत्रीण पुणे विद्यापीठात पाली शिकते. ती बौद्ध घरातली. तिच्या वस्तीतल्या विहारात एक वयस्कर भंते होते. ते दरवर्षी मुलांना घेऊन भाज्याला यायचे आणि या स्तूपांपाशी बसवून शिकवायचे. ते गेले. तेव्हापासून ती त्यांच्या स्मृतिदिनाला भाज्याला येते. या वर्षी म्हणाली, येतोस का? मी म्हटलं, येतो. त्या फोटोचं काही बोललो नाही.

पायऱ्या चढून वर गेलो. चैत्यगृहासमोर ती थोडा वेळ थांबली. ही लेणी इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरायला घेतलेली, म्हणजे बावीसशे वर्षांपूर्वीची गोष्ट. मग आम्ही त्या स्तूपांकडे गेलो. तिने बूट काढले. मी पण काढले. चौदा आहेत ते. पाच आत, नऊ बाहेर. मला इतकी वर्षं वाटायचं की ही सजावट असेल, किंवा कारागिरांनी सराव केला असेल. ती म्हणाली, "ही इथल्या थोर भिक्खूंची स्मारकं आहेत. इथे राहिले, इथे शिकवलं आणि गेले, त्यांची."

म्हणजे मी ज्याला टेकून 'चिल' करत होतो ते कोणाचं तरी स्मारक होतं.

हे फक्त भाज्याला नाही हं. मुंबईत कान्हेरीला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, अशाच दिवंगत भिक्खूंच्या विटांच्या स्तूपांचे अवशेष आहेत. सांचीच्या दोन नंबरच्या स्तूपात कनिंगहॅमला १८५१ साली अस्थींच्या डब्या सापडल्या. त्यांवर भिक्खूंची नावं होती, एकूण दहा जणांच्या अस्थी. आणि तिथेच तीन नंबरच्या स्तूपात सारिपुत्त आणि मोग्गल्लान या बुद्धांच्या दोन मुख्य शिष्यांच्या. त्या अस्थी इंग्लंडला गेल्या आणि स्वातंत्र्यानंतर परत आल्या. १९५२ साली सांचीत पुन्हा ठेवल्या. तर गुरू गेल्यावर त्याच्यासाठी जागा करायची ही रीत फार जुनी आहे.

मग तिने मला अक्षरं दाखवली. ब्राह्मी लिपी. सगळ्या स्तूपांवर आज नावं वाचता येत नाहीत, मोजकीच येतात. एक आहे अंपिकिणक, एक धमगिरि, एक संघदिन. मी विचारलं, अजून काय लिहिलंय? कुठले, कधी गेले, काय केलं? ती म्हणाली, काही नाही. लेख एवढाच की हा अमुक थेर भदंतांचा स्तूप. संपलं.

आता याच्याशेजारी दुसरे लेख ठेवून बघा. दान देणाऱ्यांचे. भाज्यालाच पाण्याच्या टाक्यावर लेख आहे, महारठी विण्हुदत्ताचा. त्यात हुद्दा आहे, आईच्या नावावरून येणारं कौशिकीपुत्र आहे, काय दिलं ते आहे. आमच्या लेण्याद्रीच्या चैत्यगृहावर लिहिलंय की हे कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याचं दान. जुन्नरला धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं, त्याचाही लेख आहे. यवनांनी, म्हणजे परदेशी लोकांनी, टाकी आणि जेवणाचा मंडप दिला, तेही कोरलंय. देणाऱ्याचं नाव, गाव, बाप, सगळं. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्या लेखांमुळेच आपल्याला दोन हजार वर्षांपूर्वीचं जुन्नर कळतं.

पण भाज्याच्या या स्तूपांवर स्मारक कोणी केलं, पैसे कोणी दिले, त्याचा पत्ता नाही. फक्त गेलेल्या माणसाचं नाव. मला आमच्या चौकातला फ्लेक्स आठवला. सतरा आणि एक.

आणि आता तो शब्द.

मी विचारलं, थेर म्हणजे काय? ती म्हणाली, "संस्कृतमधला स्थविर. पालीत थेर. वयाने आणि साधनेने वडील झालेला भिक्खू. थेरवाद ऐकलंयस ना, श्रीलंकेत, थायलंडमध्ये, म्यानमारमध्ये जो आहे? थेरगाथा, थेरीगाथा? तोच थेर. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांना दीक्षा दिली ते चंद्रमणी महास्थविर. त्यातलाही तोच. आणि दगडावर जे भयंत आहे ते भदंत. आम्ही विहारात भंते म्हणतो, ते त्याच घरातलं."

मग ती थोडं हसून म्हणाली, "मराठीत पण आहे की हा शब्द. आपण त्याला डा लावला. थेरडा."

मंडळी, मी तिथे गप्प झालो. तिला काही माहीत नव्हतं. ती पुढे बोलत होती.

ती दाखवत होती की दगडावर 'थेराचा' लिहिलेलं नाही. माणूस एकच, पण शब्द अनेकवचनात कोरलाय : थेरानं. जसं आपण 'गुरुजीचा' म्हणत नाही, 'गुरुजींचा' म्हणतो. आदरार्थी बहुवचन. आपण बोलताना जो एक अनुस्वार लावतो तो. दोन हजार वर्षांपूर्वी छिन्नी घेऊन बसलेल्या माणसानेही तो आदर विसरायचा नाही असं ठरवलं होतं. चरित्र लिहिलं नाही, चेहरा कोरला नाही, पण आदर लिहिला.

आमच्या कामात एक गंमत आहे. कोडची कुठलीही ओळ कोणी लिहिली ते शोधता येतं, माणूस कंपनी सोडून गेला असला तरी. आणि त्या कमांडचं नाव काय? ब्लेम. म्हणजे गेलेल्याचं नाव आपण कधी काढतो, तर काहीतरी बिघडलं की. आधीच्यांनी लिहिलेल्या हजारो ओळी रोज बिनबोभाट चालतात, तेव्हा नाही.

मैत्रिणीने दिवा लावला नाही, अगरबत्ती नाही. दगडाला काजळी धरते म्हणून. स्तूपापासून जरा लांब बसली, हळू आवाजात त्रिसरण म्हणाली, मग तिच्या भंतेंचं नाव एकदा स्पष्ट उच्चारलं. मी विचारलं, त्यांचा इथे काय संबंध? म्हणाली, "आमच्या भंतेंना कोण स्तूप बांधणार? पण हे त्यांच्याच घरातले लोक आहेत. म्हणून त्यांचं नाव इथे घेते."

मग मी पण अण्णांचं नाव घेतलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि शेवटी 'यांना'. मोठ्याने. आवाज जरा फाटला. ते भिक्खू नव्हते, बौद्धही नव्हते. पण इथल्या जुन्या माणसांच्या पाया पड, हे मला त्यांनीच शिकवलं होतं आणि मी ते विसरलो होतो. त्यामुळे मला वाटलं, चालेल.

यात माफी मिळाली का? नाही. मेलेला माणूस माफ करत नाही, आणि दगडही करत नाही. मी एवढंच करू शकतो की तो शब्द परत त्या अर्थाने वापरायचा नाही. आणि तो कुठून आला ते तुम्हाला सांगायचं.

अण्णांच्या वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी मी बहिणीच्या मुलाला घेऊन लेण्याद्रीला गेलो. सहा वर्षांचा आहे. सरळ गर्दीकडे पळत होता. त्याला धरून आधी शेजारच्या लेण्यात नेलं. म्हणाला, "मामा, इथे तर कोणीच नाही." मी म्हटलं, "आहेत. घर त्यांनी बांधलंय." त्याने हात जोडले आणि विचारलं, "आता माकडं बघू?" बघितली.

भाज्याला, लेण्याद्रीला, कुठल्याही लेण्यात जाल तर एवढं करा. स्तूपाला टेकू नका, वर चढू नका, दगडावर आपलं नाव तर अजिबात कोरू नका. तिथे आधीच नावं आहेत. फोटो काढा, खुशाल काढा, पण एकदा थांबून नाव वाचायचा प्रयत्न करा. वाचता नाही आलं तरी चालेल.

आता घरून फोन येतो तो आजीचा. अण्णांचाच फोन ती वापरते, स्क्रीनवर अजून 'अण्णा' असंच नाव येतं, मी बदललेलं नाही. तीही पहिलं तेच विचारते, "कामात तर नाही ना?"

"नाही गं," मी म्हणतो, "बोल."

चला, भेटू पुढच्या भागात.