आपल्या वस्तीतली हवा कोण मोजणार?

(कचरावेचक बायका आणि वस्तीपातळीवरच्या कार्यकर्त्या यांच्या शिबिरात मी केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



मी कोणी मोठी तज्ज्ञ नाही. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते आणि निवृत्तीनंतर कचरा डेपोशेजारच्या एका वस्तीत बचत गटाच्या कामाला जाते. आज जे सांगणार आहे त्याची सुरुवात त्या वस्तीतल्या एका मावशींच्या प्रश्नातून झाली.

आमच्या चौकात हवेचा आकडा दाखवणारी पाटी लागली आहे. एका संध्याकाळी त्या पाटीवर 'समाधानकारक' असे लिहून आले होते. पलीकडे डेपोच्या कडेला वायरींचा ढीग पेटला होता. मावशी मला म्हणाल्या, "बाई, हवा चांगली म्हणतात, मग माझ्या पदराला हा वास कसला?"

मी वर्गात इतकी वर्षे उत्तरे दिली, पण या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून आम्ही चौघीजणी एका सरकारी कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी शांतपणे सांगितले, "त्या रसायनांचे मोजमाप आमच्याकडे होत नाही." म्हणजे हवा चांगली आहे असे कुणी सिद्ध केले नव्हते. कुणी बघितलेच नव्हते.

पाटीवरचा आकडा आठ गोष्टींवरून काढतात. बारीक धूळ, नायट्रोजन व गंधकाची संयुगे, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया, शिसे. २००९ साली देशाने हवेची जी मानके ठरवली त्यांत बारा प्रदूषके आहेत. त्यांतही पीसीबी नाही, डायऑक्सिन नाही. या दोघांना मी चिवट रसायने म्हणते, कारण ती वर्षानुवर्षे नष्ट होत नाहीत, पाण्यात विरघळत नाहीत, आणि चरबीत साठतात. माशाच्या चरबीत, म्हशीच्या दुधात, आणि आपल्या शरीरात.

पीसीबी हे कारखान्यात मुद्दाम बनवलेले तेलकट रसायन. ट्रान्सफॉर्मरमध्ये, कपॅसिटरमध्ये ते घालत. डायऑक्सिन मात्र कुणी मुद्दाम बनवत नाही, ते जळताना तयार होते. पीव्हीसी प्लॅस्टिकमध्ये क्लोरीन असतो. वायरीच्या आत तांबे असते. अर्धवट, धुमसत्या आगीत हे एकत्र आले की तांबे त्या क्रियेला हातभारच लावते. म्हणजे तांब्यासाठी वायर जाळणे ही डायऑक्सिन तयार करण्याची अगदी सोयीची रीत झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सर्वांत विषारी डायऑक्सिनला १९९७ साली आणि पीसीबींना २०१३ साली माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले.

आता तुम्हाला खूप लांबची एक हकिगत सांगते. कॅनडाच्या उत्तरेला नुनाविक नावाचा प्रदेश आहे. तिथे इन्युइट लोक राहतात. सील, व्हेल, मासे हा त्यांचा आहार. कारखाना नाही, धुराडे नाही. १९८०च्या दशकात एरिक ड्युवायी नावाचे डॉक्टर क्युबेक प्रांतातल्या बायकांच्या दुधातली प्रदूषके तपासत होते. तुलनेसाठी त्यांना स्वच्छ दूध हवे होते. सुईणीचे काम करणाऱ्या एका बाईने सुचवले की उत्तरेकडच्या इन्युइट बायकांचे घ्या. त्या दुधात दक्षिणेकडच्या बायकांच्या पाचपट पीसीबी निघाले.

हे तिथे पोचले कसे? उष्ण प्रदेशात ही रसायने हवेत उडतात, वाऱ्याबरोबर जातात, थंडीत खाली बसतात, पुन्हा ऊन लागले की उडतात. टोळासारख्या उड्या मारत ती ध्रुवाकडे जातात आणि तिथे अडकतात. मग समुद्रातल्या शेवाळातून लहान माशात, त्यातून मोठ्या माशात, सीलमध्ये, बाईत आणि शेवटी तान्ह्या बाळात. प्रत्येक पायरीवर प्रमाण वाढत जाते.

मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. उत्तर ध्रुवाजवळ अलर्ट नावाच्या ठाण्यावर या रसायनांसाठी हवा नियमित तपासायला सुरुवात झाली १९९२ साली. बायकांच्या दुधाने ही गोष्ट त्याच्या आधीच सांगितली होती. यंत्राने हवा मोजली नाही तर ती मोजली जातच नाही असे नाही, बाईच्या शरीरात मोजली जाते. फक्त ते कळायला फार उशीर होतो, आणि किंमत तिने व तिच्या मुलाने दिलेली असते.

त्या बायका गप्प बसल्या नाहीत. त्यांच्या नेत्या शीला वॉट-क्लुटिए आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत जाऊन बसल्या. १९९९ साली नैरोबीच्या बैठकीत त्यांनी आई आणि बाळाची एक इन्युइट कोरीव मूर्ती भेट दिली. चर्चा कुणाविषयी चालली आहे हे कुणी विसरू नये म्हणून. २००१ साली स्टॉकहोमचा करार झाला, २००४ पासून तो लागू झाला. सुरुवातीला त्यात बारा रसायने होती. भारतही २००६ पासून त्यात आहे. करार पाळला जातो की नाही हे बघायला जगभर प्रामुख्याने दोन ठिकाणी मोजमाप करायचे ठरले. एक बाहेरची हवा, आणि दुसरे आईचे दूध किंवा रक्त.

आपल्याकडे २०१६ साली पीसीबींच्या उत्पादनावर आणि आयातीवर बंदीचा आदेश निघाला. जुन्या उपकरणांतल्या वापराला ३१ डिसेंबर २०२५ ही शेवटची मुदत दिली गेली. पण कागदावरची मुदत संपली म्हणून भंगारात गेलेल्या ट्रान्सफॉर्मरमधले तेल नाहीसे होत नाही.

हवा मोजणे फार अवघड आहे का? नमुना घेणे नाही. स्टीलचे दोन वाडगे तोंडाला तोंड करून, मध्ये फट ठेवून बसवतात. आत गादीच्या फोमसारखी एक चकती असते. वीज लागत नाही. तीन महिने टांगून ठेवले की वाहत्या हवेतली रसायने फोममध्ये मुरतात. मग ती चकती बंद करून प्रयोगशाळेत पाठवतात. २००४ पासून अशा चकत्यांचे एक जागतिक जाळे चालू आहे. भारताच्या किनारपट्टीवर शहरांत आणि खेड्यांत टांगलेल्या चकत्यांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. पण संशोधकांचा प्रकल्प संपला की चकती उतरते, आणि तिचे निकाल वस्तीत कुणी वाचून दाखवत नाही.

अवघड आणि महाग काम प्रयोगशाळेतले आहे. तिथे पिकोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागात मोजावे लागते. डायऑक्सिन बरेचसे धुळीला चिकटून असते, त्यासाठी पंपाने हवा ओढणारे यंत्र अधिक भरवशाचे. शिवाय एक चकती गुन्हेगार दाखवत नाही. डेपोच्या वाऱ्याखालच्या बाजूला, वरच्या बाजूला आणि लांबच्या स्वच्छ जागी अशा अनेक लावल्या तरच काही सांगता येते. एक चकती नुसती नेऊन न उघडता परत आणायची, म्हणजे वाटेत काय मिसळले तेही कळते.

दोन धोके मात्र आधीच ओळखून ठेवू या.

पहिला, दोष कुणाच्या माथी येणार? डिसेंबर २०१६ मध्ये हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवला. जाळू नये हे बरोबरच. पण वायर जाळून दिवसाची भाकरी मिळवणारी बाई पकडली जाईल, आणि ती वायर बनवणारा, विकणारा, जुने सामान फेकणारा सुटेल, असे होता कामा नये. मोजमाप हवे ते जाळण्याशिवाय तांबे सोडवण्याची यंत्रे आणि पर्यायी काम मिळवण्यासाठी.

दुसरा धोका दुधाचा. हे ऐकून उद्या एकीनेही मुलाला अंगावर पाजणे सोडू नये. पहिले सहा महिने फक्त आईचेच दूध, हे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे कायम आहे. प्रदूषके असूनही त्या दुधाचे फायदे मोठे आहेत. दोष दुधात नाही, धुरात आहे. इन्युइट बायकांनाही ही भीती सोसावी लागली. आपण ती कुणावर लादायची नाही.

तर आपण काय करायचे? आमच्या वस्तीत आम्ही एक वही सुरू केली आहे. आग कुठे लागली, किती वाजता, वारा कुठून कुठे, वास कसा, कुणाचे डोळे चुरचुरले. मावशींना लिहिता येत नाही, त्यांची नात लिहिते. ही वही रसायन मोजणार नाही. पण चकती कुठे टांगायची हे मात्र ती सांगेल. साहेबांकडे दुसऱ्यांदा गेलो तेव्हा वही बरोबर होती. या वेळी त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, आणि अर्जावर तारखेचा शिक्का मारून दिला.

अर्जात मागण्या तीन. डेपोभोवती या रसायनांसाठी हवेचे नमुने वर्षभर घ्यावेत. जागा ठरवताना वस्तीतल्या बायकांना विचारावे. आणि निकाल मराठीत लिहून त्याच चौकात, त्याच पाटीशेजारी लावावेत. उत्तर अजून आलेले नाही. तुमच्या वस्तीतून असाच अर्ज गेला तर ते लवकर येईल. वही चार आण्याच्या विचाराची वाटेल, पण आजच घरी जाऊन पहिले पान लिहा.